दहा मायक्रोग्रॅमच्या आत

कोलकात्याचे न्यू टाउन राजारहाटच्या भातशेतीवर आणि पाणथळ जमिनीवर वसले. रुंद रस्ते, आयटी कंपन्या, मोठी रुग्णालये, सगळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले. हे शहर उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात येते, आणि या जिल्ह्याच्या भूजलात अनेक ठिकाणी आर्सेनिक आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी विषारी आहे की नाही हे प्रयोगशाळेचा आकडाच सांगू शकतो. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम आर्सेनिक चालते. एका प्रयोगशाळेने आठ सांगितले आणि दुसरीने त्याच पाण्यात तेरा सांगितले, तर एकाच हातपंपाचे पाणी एका कागदावर पिण्याजोगे ठरते आणि दुसऱ्यावर नाही. मग आकड्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर होते : चांगल्या मापाच्या जोरावर. १८७५ साली पॅरिसमध्ये मीटर करार झाला, तो याच विश्वासातून. प्रमाण किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत भारताच्या वाट्याला आली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपली गेली. वजन खरे असले की तोल खरा, अशी ही समजूत. ती चूक नव्हती, अपुरी होती. माप खरे असूनही मोजणी चुकू शकते, हे आपल्याकडे फार स्पष्टपणे दिसले ते शेतात.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि पुढे बंगालमधल्या तागाच्या लागवडीची नमुना पाहणी हाती घेतली. त्यात त्यांनी एक विलक्षण सोय केली. एकाच भागाची पाहणी दोन स्वतंत्र पथकांनी करायची आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे. फरक पडला तर तो पिकातला नव्हे, मोजणाऱ्यांमधला. पिकाबरोबर पीक मोजणाऱ्यालाही मोजण्याची ही कल्पना मला त्यांच्या कामातली सर्वांत दूरदर्शी वाटते.

त्यांचे प्रतिस्पर्धी होते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना सुखात्म्यांनी दाखवून दिले की उत्पन्न काढण्यासाठी कापलेला तुकडा फार लहान असला की आकडा फुगतो. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्रफळाच्या मानाने मोठी. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडले. महालनोबिसांचे म्हणणे असे की नीट शिकवून तयार केलेला माणूस लहान तुकड्यातही ही चूक करत नाही. हा वाद अनेकदा दोन मोठ्या माणसांची चुरस म्हणून सांगितला जातो, आणि त्यामुळे त्यातला गाभा हरवतो. दोघेही एकाच गोष्टीशी झगडत होते : एकाला पद्धतच अशी हवी होती की हात चुकला तरी आकडा बिघडू नये, दुसऱ्याला हातच इतका तयार हवा होता की तो चुकू नये. आजच्या प्रयोगशाळेला या दोन्ही गोष्टी लागतात.

१९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून वॉल्टर शूहार्ट भारतात आले. कारखान्यातल्या उत्पादनातला नेहमीचा चढउतार कोणता आणि बिघाड कोणता हे ओळखणारा नियंत्रण तक्ता त्यांनी १९२४ साली मांडला होता. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्स यांनी तोच तक्ता रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत नेला. न्यू टाउनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या टाटा मेडिकल सेंटरसारख्या कर्करोग रुग्णालयात रक्तातल्या पेशींच्या आकड्यावर केमोथेरपीचा पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा हे ठरते. अशा ठिकाणी रुग्णांच्या नमुन्यांआधी कंट्रोलचा, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला, नमुना मशीनवर चालतो, तो याच परंपरेतून.

पण स्वतःचा तक्ता स्वतःच पाहणाऱ्या प्रयोगशाळेला आपले सगळेच आकडे एका बाजूला सरकलेत हे कसे कळणार? १९४७ साली बेल्क आणि सन्डरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळांना एकसारखेच नमुने पाठवून तपासून घेतल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. उत्तरांतली तफावत धक्कादायक होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ‘नाटा’ ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी पहिली राष्ट्रीय संस्था निघाली. अशी मान्यता कशावर द्यायची यासाठी १९७८ साली आयएसओचे गाइड २५ आले, १९९९ साली त्यातून आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक तयार झाले. भारतात मान्यता देण्याचे काम एनएबीएल ही संस्था करते.

या मानकाचा जीव कागदपत्रांत नाही. ही विशिष्ट तपासणी या माणसांना, या उपकरणावर, या पद्धतीने खरोखर जमते का, हे त्याच तपासणीतले जाणकार येऊन पाहतात, यात आहे. म्हणून मान्यता पूर्ण प्रयोगशाळेला सरसकट नसते, ठरावीक तपासण्यांना असते. पाण्याच्या कठीणपणासाठी मान्यता असलेल्या ठिकाणी आर्सेनिकसाठी ती असेलच असे नाही. आपण मात्र भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होतो. सोबतची तपासण्यांची यादी कोणी मागत नाही, ती मागायला हवी.

बंगालच्या आर्सेनिकने या सगळ्या विचाराची कसोटी घेतली. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेवरचे डाग ओळखून पहिले रुग्ण शोधले. पुढे बांगलादेशात लाखो हातपंप फील्ड किटने तपासले गेले : आम्ल आणि जस्त घातले की आर्सेनिकचा वायू होतो, तो कागदाच्या पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग पाडतो, आणि तो डाग डोळ्यांनी रंगपट्टीशी जुळवायचा. त्यावरून पंप लाल किंवा हिरवा रंगवायचा. २००२ साली जादवपूर विद्यापीठाच्या गटाने दाखवले की किटच्या भरवशावर केलेल्या अनेक खुणा चुकीच्या होत्या. २००५ साली दुसऱ्या एका अभ्यासात ८८ टक्के पंपांचा निकाल बरोबर निघाला, चुका बहुतेक तिथल्या मर्यादेच्या आसपासच्या होत्या, आणि पट्टी वीसऐवजी चाळीस मिनिटे ठेवावी अशी शिफारस झाली. किट तेच, पण किती वेळ थांबायचे हे कोणीतरी पडताळून पाहावे लागते.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट १९९२ची. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने बांगलादेशातल्या विहिरींचे पाणी अनेक घटकांसाठी तपासले. त्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हते. पुढे या तपासणीवरून झालेला दावा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ साली फेटाळला गेला. कायद्याचा निर्णय काहीही असो, जे तपासलेच नाही त्याबद्दलचे मौन वाचणाऱ्याला सुरक्षिततेची ग्वाही वाटू शकते. अहवालात काय पाहिले नाही हेही ठळक लिहिले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

१७०२५च्या २०१७च्या आवृत्तीत निर्णयाच्या नियमावर भर आहे : मर्यादेत आहे की नाही असा शेरा द्यायचा असेल तर मोजणीतली अनिश्चितता कशी धरली ते आधी ठरवा. नऊ अधिक-उणे दोन असा निकाल आला तर खरा आकडा दहाच्या वरही असू शकतो. नुसते ‘मर्यादेत’ लिहिले की तो धोका गुपचूप पिणाऱ्याच्या माथी जातो. आर्सेनिकची बाधा वर्षानुवर्षे पाणी पिऊन होते, म्हणून संशयाचा फायदा पंपाला नव्हे, पिणाऱ्याला मिळावा. अशा पंपाला हिरवा रंग द्यायचा का, हे नमुना घेण्याआधी ग्रामपंचायतीसमोर ठरावे, आणि रंग कोणताही दिला तरी त्या पंपाची पुन्हा तपासणी कधी होणार ती तारीख पंपावरच लिहावी.