पेशंटचे तुम्ही कोण?

येलदरीचं धरण भरलं की परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्याचा जीव भांड्यात पडतो. पण धरण भरलं म्हणून शेत भिजत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पूर्णेचं पाणी आधी येलदरीला अडतं, खाली सिद्धेश्वरला जातं, तिथून कालव्यात, वितरिकेत आणि शेवटी चारीत उतरतं. ज्याचं रान टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, तो रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतो. कागदावर पाणी सगळ्यांचंच असतं. टेलला ते पोचतं का, एवढाच प्रश्न असतो.

कॅन्सरच्या उपचाराचं तसंच आहे. १९४१ साली परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं. पुढे औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय आलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन यांचा खर्च बसतो. म्हणजे धरण आहे आणि त्यात पाणीही आहे. येलदरीचा गरीब रुग्ण मात्र टेलला आहे. त्याच्याही पुढे, जिथे चारीच खणलेली नाही, तिथे आणखी काही माणसं उभी आहेत. तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, एकमेकींच्या सोबतीने आयुष्य काढणाऱ्या बायका, जन्माच्या दाखल्यावर ‘मुलगी’ लिहिलेले ट्रान्स पुरुष.

‘अशी माणसं आमच्याकडे नाहीत,’ असं गावात ठामपणे सांगितलं जातं. पण रेणुका-यल्लम्माला सोडलेले, बाईच्या वेशात वावरणारे जोगते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ललित साळवे या पोलिसाने पुरुष म्हणून जगण्यासाठी शस्त्रक्रियेची परवानगी मागितली आणि २०१८ साली ती शस्त्रक्रिया मुंबईत झाली, हे साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. माणसं आहेत. ती दिसू नयेत अशी व्यवस्था आपण केली आहे.

आपल्याकडे कॅन्सरचा अर्धा उपचार डॉक्टर करतात आणि अर्धा नातेवाईक. केसपेपर काढायचा, रांगेत नंबर धरायचा, रक्ताची सोय करायची, स्ट्रेचर ढकलायचं, रिपोर्टच्या पिशव्या सांभाळायच्या, रात्री खाटेशेजारी चटई टाकून पडायचं. रेडिएशन पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, असं पाच ते सात आठवडे चालतं. येलदरीहून संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या पुढे. रोज जाऊन-येऊन होत नाही. मुंबईला जायचं तर आधी परभणी गाठून देवगिरी एक्सप्रेस धरायची. एवढे दिवस कुणीतरी आपली मजुरी बुडवून सोबत राहावं लागतं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे कुटुंब, असं सगळी यंत्रणा धरून चालते. म्हणून खिडकीवर, वॉर्डात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एकच प्रश्न येतो: पेशंटचे तुम्ही कोण?

नवरा, बायको, मुलगा, भाऊ. ही उत्तरं सोपी आहेत. पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलेल्या दोन बायकांनी काय सांगायचं? बहुधा एक म्हणते, ‘मावसबहीण.’ मग आडनावं, आधार कार्डावरचे पत्ते विचारले जातात आणि खोटं उघडं पडण्याची भीती गाठीच्या भीतीत मिसळते. हिजड्यांच्या घराण्यात गुरू हीच आई असते. चेल्याच्या आजारपणात धावून येते ती गुरूच. पण अर्जावर ‘गुरू’ असा रकाना नसतो. ज्या भावाने वीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं, त्याचीच सही मागितली जाते. रेशनकार्डावर नाव असतं तेही त्याच घरात, आणि सरकारी योजनेची वाट बहुधा रेशनकार्डावरून जाते. ज्या घराने टाकलं, त्याच्याच दाराशी कागदासाठी परत जायचं, या अपमानापेक्षा कित्येकांना दुखणं अंगावर काढणं सोपं वाटतं. कॅन्सरमध्ये अंगावर काढलेला महिना फार महाग पडतो.

कायदा मात्र या खिडकीपेक्षा पुढे गेला आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान, समजण्याच्या स्थितीत असलेल्या रुग्णाची संमती हीच खरी संमती. तातडीचा प्रसंग नसताना आईने दिलेलीही तिच्या जागी चालणार नाही. त्याच न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच्याच निकालाने समलिंगी संबंध गुन्हा उरले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता मात्र दिली नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. हे पाऊल चांगलंच आहे. पण जो जोडीदार मेल्यावर देह नेऊ शकतो, त्याला जिवंतपणी खाटेशेजारी बसण्यासाठी मावसभाऊ व्हावं लागत असेल, तर माणुसकीचा क्रम उलटा लागला आहे.

हे झालं सोबतीचं. त्याआधीचा प्रश्न शरीराचा आहे, कारण कॅन्सर माणसाची ओळख पाहत नाही, अवयव पाहतो. गर्भाशयाचं तोंड असलेल्या ट्रान्स पुरुषाला तिथला कॅन्सर होऊ शकतो. पण तपासणी असते ‘महिलांसाठी’, आणि दाढी राखलेला माणूस त्या रांगेत उभा राहत नाही. निर्वाण झालेल्या, म्हणजे लिंग आणि वृषण काढून टाकलेल्या, हिजड्याच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी तशीच असते. पुरुषाशी कधीच संबंध न आलेल्या बाईला गर्भाशयमुखाची तपासणी नको, असा समज आहे. पण तो कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू बाईकडून बाईलाही जाऊ शकतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांत गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. त्याची लक्षणं मूळव्याधीसारखी: रक्त, दुखणं, गाठ. गावाकडचा असा पुरुष बहुधा लग्न झालेला, मुलाबाळांचा असतो. तो डॉक्टरला खरं सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही, आणि रस्त्याकडेच्या ‘मूळव्याध-भगंदर’च्या पाटीखाली वर्ष निघून जातं. त्यात तंबाखू, गुटखा आहेतच. हाकलून दिलेल्या, रात्री जागून काढणाऱ्या आयुष्यांना व्यसनाचा आधार लवकर सापडतो आणि तोंडाचा कॅन्सर त्याच वाटेने येतो.

अशा रुग्णाला दाराबाहेर ठेवणारी ही वागणूक केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागात रॉबर्ट ईड्स नावाचा ट्रान्स पुरुष राहत होता. त्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला. वीसहून जास्त डॉक्टरांनी त्याला हात लावायला नकार दिला. काहींना आपल्या इतर रुग्णांना काय वाटेल याची काळजी होती. उपचार मिळेपर्यंत रोग पसरला होता. जानेवारी १९९९ मध्ये तो गेला. त्याच्या अखेरच्या वर्षावर ‘सदर्न कम्फर्ट’ हा माहितीपट निघाला. श्रीमंत देश, मोठी रुग्णालयं, उत्तम यंत्रं. तरी टेलला पाणी पोचलं नाही.

उलट आपल्या मातीत पाणी पोचल्याचे पुरावे आहेत. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणं समजावून सांगितली, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, खेड्यांतल्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास सुरू झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणता येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळलं. नमुने गोळा केले ते प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी. आता हा नमुना स्वतःचा स्वतः, बंद दाराआड घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलं आहे. ज्या ट्रान्स पुरुषाला तपासणीच्या टेबलावर झोपणं मरणाहून कठीण वाटतं, त्याच्यासाठी ही केवढी सोय! मराठवाड्याने जगाला शिकवलेली गोष्ट मराठवाड्यातल्याच शेवटच्या माणसाला मिळू नये, याची मला लाज वाटते.

वेगळी रुग्णालयं मागण्याची गरज नाही. खेड्यातला तृतीयपंथी वेगळ्या दवाखान्याची वाट पाहत मरेल. असलेल्या दवाखान्यात चारी खणायची आहे आणि ते काम चार ओळींचं आहे. केसपेपरवर ‘नातेवाईक’ या शब्दाऐवजी ‘तुमचं जवळचं माणूस’ असा रकाना करा आणि तो रुग्णालाच भरू द्या. तपासणीचं आमंत्रण शरीरानुसार द्या: ज्यांना गर्भाशय आहे, ज्यांना स्तन आहेत, जे तंबाखू खातात. वॉर्ड कुठला, हाक कोणत्या नावाने मारायची, हे रुग्णाला विचारा. एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रावरच तोंड आणि गुदद्वार तपासण्याची सवय लावा. आणि यासाठी आशाताईंना शिकवा, कारण कोणत्या घरात कोण कुणासोबत राहतं, हे गावात त्यांनाच माहीत असतं. ते माहीत असून गवगवा न करण्याचं शहाणपणही पुष्कळ जणींकडे असतं.

डॉक्टरांना, परिचारिकांना, खिडकीवरच्या कारकुनांना माझी विनंती आहे. गाठ घेऊन आलेल्या माणसासोबत जे कुणी आलं आहे, ते आपली मजुरी, झोप आणि उपास घेऊन आलं आहे. नातं आणखी कशाने सिद्ध करायचं असतं? त्याला ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ असं विचारू नका. पेशंटला विचारा, ‘तुमचं माणूस कोण?’ तो ज्याच्याकडे बोट दाखवेल, त्याला आत येऊ द्या.