लाज कुणाची?

"पुराणातल्या बायका कशा अंगभर नेसत!" असं म्हणणाऱ्या मंडळींनी पाहिलेली लक्ष्मी बहुधा रविवर्म्याच्या छापखान्यातली असते, आणि तो मुंबईत निघाला १८९४ साली! अजिंठ्याच्या राण्या त्याच्या चौदाशे वर्षं आधीच्या. कमरेच्या वर दागिन्यांखेरीज त्यांच्या अंगावर फारसं काही नाही, आणि शेजारच्या दासीलाही त्याचं काही वाटत नाही.

द्रौपदी सभेत आली तीही एकवस्त्रा. पण तिनं वस्त्राचं नाही विचारलं. आधी स्वतःलाच हरलेला नवरा बायकोला पणाला लावतो कसा, एवढंच विचारलं. भीष्म म्हणाले, धर्म फार सूक्ष्म! सारी सभा शेले-मुकुट घालून नटूनथटून बसलेली, आणि उघडी पडली तीच. आपण मात्र अजून पदराचीच लांबी मोजतो आहोत.