मुलांचे नवे बिऱ्हाड व आईबापांचे साह्य

मुलगा अथवा मुलगी वयात येऊन आपले बिऱ्हाड वेगळे थाटू लागली म्हणजे आईबापांनी त्यांस साह्य करावे, ह्याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो इतकाच की, हे साह्य कोठे थांबावे. आमच्या ह्या रानातल्या जिल्ह्यांत ऊर्जानगराने हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढे आणून ठेवला आहे.

चंद्रपुराच्या उत्तरेस दुर्गापुराजवळ औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच 1983 साली चालू झाला, व आरंभीचे दोन संच पुढे बंद झाले असूनही आज त्याची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. तेथे काम करणाऱ्यांची वसाहत ती ऊर्जानगर. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी ह्या धानाच्या मुलखातील एखाद्या घरचा मुलगा तेथे नोकरीस लागतो, त्याला क्वार्टर मिळते, आणि आईबाप तांदळाचे पोते, लाखोळीची डाळ, सूप व पाटा-वरवंटा टेम्पोत घालून दारी येऊन उतरतात. ह्यापरते सुंदर दृश्य थोडेच असेल.

परंतु पुढे काय होते ते वाचकांनी पाहावे. आई पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते व सायंकाळपर्यंत सगळे डबे फळीवर लावून टाकते. मिठाचा डबा कोठे असावा ही गोष्ट क्षुल्लक दिसते खरी. पण ज्या हाताने डबे लावले त्याच हाताची सत्ता त्या चुलीवर बसते. सून दुसऱ्या दिवशी मीठ शोधीत फिरते, आणि आपण येथे पाहुणी आहो असे तिला वाटू लागते. आईने वाईट काही केले नाही. तिने फक्त “हे कोठे ठेवू?” असे विचारले नाही.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती असे आम्हांस वाटते. नवी नवरी सासरी निघाली म्हणजे तिच्यासंगे पाठराखीण जाई. परक्या घरी मुलीला धीर यावा म्हणून ती काही दिवस राही, आणि मग आपल्या घरी परत येई. कितीही मायेची असली तरी तिने तेथे ठाण मांडावयाचे नसे. मुलाच्या पाठीशी मात्र अशी कोणी पाठवीत नसत, कारण त्याला घर सोडावे लागत नसे. आता मुलगाही घर सोडतो, आणि त्याच्या आईबापांपुढे ह्या रिवाजाचा नमुना नाही.

जे साह्य खरोखर हवे असते ते बहुधा कोणी मागत नाही. कोळशाची व राखेची बारीक धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसते, हे शेजारीण सांगते. क्वार्टरामागे झुडूप वाढले असेल तर त्याचा धोका रानाकाठी जन्म काढलेल्या बापाला अधिक कळतो. 2022 सालच्या फेब्रुवारीत ह्याच परिसरात केंद्रातील एका कामगारास वाघाने व दुर्गापुरातील एका मुलास बिबट्याने मारले. बापाने अंधार पडल्यावर एकटे फिरू नका म्हणून बजावले, तर त्यात सत्ता गाजविण्यासारखे काही नाही.

पैशाची गोष्ट याहून कठीण. क्वार्टर नोकरीपुरती असते. म्हणून मुलगा चंद्रपुरास वा नागपुरास स्वतःचे घर घेऊ पाहतो, आणि बाप एक एकर धानाची जमीन विकून पैसा देतो. त्या वेळी “तुझेच आहे” असे तो बोलतो. मनात मात्र “म्हातारपणी आम्ही येथेच राहू” असे असते. मुलाने दान ऐकले, बापाने करार केला. ह्यातून जे दुःख उपजते त्यात दोघेही आपापल्या परीने खरे असतात, व म्हणूनच ते मिटत नाही. आमच्या भागात लेकीला आंदण देतात. आंदण दिलेल्या गाईचे दूध कोणी मागावयास जात नाही. तसे देववत असेल तर द्यावे. देववत नसेल, तर आपला हेतू सुनेच्या देखत आधीच बोलून दाखवावा. त्यात कमीपणा कसला? 2007 सालच्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. अट मनातच राहिली तर न्यायाधिकरणापुढे तरी काय दाखविणार? आणि सगळीच जमीन विकणे आम्हांस मुळीच पसंत नाही. आपल्या पोटापुरते शेत व आपले छप्पर ज्याने राखले, तो मुलाच्या घरी दोन दिवस अधिक आनंदाने राहतो.

क्वार्टर मुलीच्या नावाची असली म्हणजे चूक उलट दिशेने होते. लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये, ह्या जुन्या समजुतीने पुष्कळ आईबाप सामान उतरवून त्याच सायंकाळी गावची बस धरतात. मुलगी मोकळ्या खोल्यांत गाठोडी सोडीत एकटी बसते. अशा ठिकाणी आईने चार रात्री खुशाल राहावे, आणि पहिल्या दिवशी चहा मुलीला करू द्यावा.