‘कुमारी माता’ आहे, मग पिता कुठे आहे?

मराठीत ‘कुमारी माता’ हा शब्द आहे. ‘कुमार पिता’ असं मात्र कुणी म्हणत नाही. भाषेनेच एकाला सोडून दिलंय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्याला हा शब्द कित्येक वर्षं चिकटलाय. तेलंगणाच्या सीमेवरचा हा भाग. कोलामांच्या वस्त्यांना इथे पोड म्हणतात. इथल्या अविवाहित आयांच्या बातम्या वारंवार आल्या आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: लग्नाचं आमिष दाखवणारे अनेक पुरुष बाहेरचे होते. कुणी ठेकेदार, कुणी व्यापारी. काम संपलं, ते निघून गेले. मुलगी, बाळ आणि तो शब्द पोडावर राहिले.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘मुलींना शिक्षण द्या.’ ते द्यायलाच हवं. आपलं शरीर कसं चालतं, गर्भ कसा राहतो, तो कसा टाळता येतो, हे माहीत असणं हा मुलीचा हक्क आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तरी २००७ मध्ये आमदारांच्या विरोधानंतर राज्यातल्या शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. कारण तेच जुनं: मुलं बिघडतील. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्को सांगते की असं शिक्षण घेतल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत. आपण गप्प बसलो की ती जागा मोबाईल भरून काढतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण इथे एक अडचण आहे. ‘तू सावध राहा’ एवढंच शिकवलं, तर उद्या काही झाल्यावर तेच शिक्षण तिच्याविरुद्ध पुरावा बनतं: ‘सांगितलं होतं ना?’ जबाबदारी तिची, चूक तिची. खरं तर पैसा, वय, ओळखी सगळं ज्याच्याकडे आहे, त्याच्यासमोर मजुरीवर जाणाऱ्या मुलीचं ‘हो’ कितपत मोकळं असतं? हा प्रश्न मुलग्यांच्या वर्गात आधी विचारायला हवा.

दुसरी गोष्ट भीतीची. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती पोक्सो कायदा मानत नाही आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून मुली दवाखाना टाळतात, दिवस जातात. गर्भपाताच्या कायद्यात तर आठवड्यांना फार किंमत आहे: वीसपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे चोवीसपर्यंत दोघांचं लागतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हे किती मुलींना माहीत आहे? आणि पालकांना सोबत घ्यायचं, तर आधी त्यांना सांगता यायला हवं.

म्हणजे गाडी पुन्हा घरापाशी येते. मोकळा संवाद म्हणजे आईबापाने एकदा बसवून दिलेलं भाषण नव्हे. मुलगी घाबरत ‘आई, पाळी चुकलीय’ म्हणते, तेव्हा तिला पहिलं वाक्य काय ऐकू येतं, यावर तो ठरतो. ‘कुणाचं आहे?’ हा प्रश्नही विचारावा लागेलच. पण त्याचं उत्तर द्यायला त्या माणसाला बोलवावं, तिला एकटीला उभं करू नये.