टेकू

गिरगावात माझ्या मामाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक लाकडी टेकू आहे. वरची तुळई खचली म्हणून पंचवीसेक वर्षांपूर्वी लावलेला, तात्पुरता. मुलं त्याला धरून गोल फिरतात, कपड्यांची दोरी त्यालाच बांधलेली. डागडुजीचा विषय काढला की मामाचं उत्तर ठरलेलं. "अरे, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार. आता कशाला पैसे घालायचे?" हे 'आता' मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. मामी मात्र दर पावसाळ्याआधी मोरीच्या भिंतीतल्या भेगा स्वतःच्या पैशानं बुजवून घेते. मामा तिला हसतो.

दोघांत शहाणं कोण, हा प्रश्न मला बरीच वर्षं साधा हिशेबाचा वाटायचा. जे उद्या पडणार आहे, त्याची आज निगा राखण्याचं कर्तव्य कुणावर असतं का? असलं तर कुणावर?

मुंबईनं या प्रश्नाची उत्तरं बदलत ठेवली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यच होतं. पण टंचाईसाठी केलेली सोय पन्नास वर्षं टिकली. मालक म्हणू लागला, येणाऱ्या भाड्यात जिन्यातला दिवाही बदलून होत नाही. भाडेकरू म्हणू लागला, मी पागडी मोजलीय, घर माझ्या नावावर नाही, मग तुळई मी का बदलू? दोघंही खरं बोलत होते, आणि तुळई कुजत होती. मग सरकार मधे आलं. १९६९चा कायदा झाला, दुरुस्ती मंडळ उभं राहिलं, शहरातल्या सुमारे १९,६०० इमारतींवर उपकर बसला. मंडळ दुरुस्ती करतं, पण दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा आहे. वरचा खर्च रहिवाशांचा. तो जमला नाही, की येतो टेकू.

गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७मध्ये म्हटलं. २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली. चाळीस-पन्नास रुपयांवर ४ टक्के! याच इमारती ताब्यात घेण्याच्या तरतुदीवरून १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला वाद नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत पोचला, आणि खाजगी मालमत्ता समाजाची संपत्ती मानायची का, याचा निर्णय २०२४मध्ये आला. घर कुणाचं यावर आपण इतकी बुद्धी खर्च करतो. घराकडे बघायचं कुणी, यावर मात्र फारसं बोलत नाही.

मालकी मिळाली की माणूस घर जपतो, हाही भ्रमच. मी उपनगरातल्या सोसायटीत राहतो. तिथे सगळेच मालक. वार्षिक सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "मेंटेनन्स वाढणार का?" मीही एकदा विचारलाय. सिंकिंग फंड नियमात आहे म्हणून भरतो, नाहीतर तोही पुढच्या पिढीवर ढकलला असता.

शहराचा आराखडाही आमच्या सभेसारखाच वागतो. २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याबरोबर १० लाख परवडणाऱ्या घरांची घोषणा झाली. नवं घर मोजता येतं, त्याचं उद्घाटन होतं. वेळेवर बदललेल्या तुळईचं यश हे, की काही घडलं नाही. त्याची फीत कोण कापणार? शिवाय पुनर्विकासाचा सौदाच असा, की विकासकाला जादा चटईक्षेत्र आणि रहिवाशाला फुकट, बहुधा आधीपेक्षा मोठं घर मिळतं. म्हणजे इमारत जितकी जर्जर, तितकी वाटाघाट जवळ. मामाला मूर्ख म्हणता येत नाही, त्याला शहरानंच तसं शिकवलंय.

पण शिकवणारा विसरतो, की आराखडा आणि नवं घर यांच्यामधल्या काळातही माणसं जगत असतात. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ती समूह पुनर्विकासात पाडून नव्यानं बांधली जाणार होती. त्याआधीच ३३ माणसं गेली. 'आता कशाला'मधला 'आता' त्यांच्यासाठी तेवढाच होता.

दुरुस्तीचा आग्रह धरताना मला भीतीही वाटते. 'करा डागडुजी' म्हणत माणसांना वर्षानुवर्षं धोक्यात ठेवता येतं, टेकूचा अर्थ शेवटी तोच. म्हणून आराखड्यात घरांच्या आकड्याशेजारी दुसरे काही आकडे हवेत: किती इमारतींची तपासणी झाली, किती टेकू निघाले, आणि पुनर्विकासाचं पत्र मिळाल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत किती वर्षं गेली. हा शेवटचा आकडा छापायला धैर्य लागेल. खर्च मालक, भाडेकरू आणि शहर यांनी वाटून घ्यावा. कुणी किती, हे भांडून ठरवता येईल. इमारत पाडायची आहे, या सबबीवर मात्र कुणाची सुटका नको.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामीनं गॅलरी रंगवून घेतली होती, फिकट निळी. टेकूसकट. "तो तरी कशाला सोडायचा?" ती म्हणाली. मामा तेव्हा तिथेच टेकून उभा होता.