मेन स्टँडवरची गाडी

पहाटे साडेपाचची वेळ धरा. नवी मुंबईतल्या शिरवण्यात तेव्हा हायवेचा आवाज जरा खाली आलेला असतो. सायन-पनवेल रस्ता पूर्ण गप्प कधीच होत नाही, पण कंपन्यांच्या बसेस एमआयडीसीत वळायला लागण्याआधी एक अर्धा तास असा मिळतो, की जुईनगरहून सुटणारी लोकल गावातल्या घरात बसून ऐकू येते. त्या अर्ध्या तासात गाडी गल्लीतून बाहेर काढा. सपाट जागा बघून मेन स्टँडवर लावा आणि शेजारच्या पायरीवर बसा. चावी खिशातच राहू द्या.

तुमच्या मनात गेले काही महिने एक प्रश्न आहे. आहे त्याच गाडीवर खर्च करून ती हवी तशी करून घ्यावी, की दुसरी घ्यावी? गॅरेजवाल्याने आकडा सांगितलाय, शोरूमवाल्यानेही सांगितलाय, मित्रांनी दोन्ही बाजूंनी बोलून झालंय. आजची सकाळ ते सगळं बाजूला ठेवा. फक्त गाडीकडे बघा.

हात टाकीवर ठेवा. पत्रा गार लागेल, कदाचित दवाने ओलाही. गुडघे टेकतात तिथे रंग उडून खालचा मळकट थर दिसतो. तेवढा रंग तुमच्याच गुडघ्यांनी नेलाय. या गाडीवरून तुम्ही कुणाला दवाखान्यात नेलंत, कुणाला स्टेशनवर सोडलंत, पहिल्या नोकरीला कसे गेलात, हे आठवायला लागेल. आठवू द्या. माया आहे हे मान्य करा. ती आपोआप एका बाजूला बसते आणि मग विचाराला जागा होते. दाबून ठेवलेली माया मात्र पुढे हिशेबाच्या वेशात परत येते आणि आपल्याकडून एक हजाराच्या कामाला दहा हजार घालवते.

आता स्वतःला विचारा: काय कमी पडतंय?

पहिलं उत्तर बहुधा ‘पिकअप’ असतं. त्या शब्दावर थांबा. पिकअप कुठे कमी पडतो? नेमकी जागा सांगा. तुर्भ्याकडे जाताना चढावर, मागे कंटेनर असताना? सिग्नल सुटल्यावर? की नेरूळला कुणी नव्या गाडीवर शेजारून झपकन पुढे गेला तेव्हा? पहिल्या दोन जागा रस्त्यावर आहेत. तिसरी जागा मनात आहे, आणि तिच्यासाठी कुठल्याही गॅरेजमध्ये काम निघत नाही. मी स्वतः या प्रश्नापाशी दोन सकाळी अडकलो होतो. माझी गाडी दीडशे सीसीची, 2011 ची. रोज शिरवणे ते महापे जाऊन येऊन वीसेक किलोमीटर, रविवारी कधी पनवेलपर्यंत. एवढ्या रस्त्याला दीडशे सीसी कमी पडत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मी तीन महिने अडीचशे सीसीच्या किमती बघत होतो.

ज्या गावात बसून हे लिहितोय, त्याच्या भोवतीचं शहरच या प्रश्नातून घडलंय. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या त्रैमासिकातून मांडलं, की मुंबईला आहे तिथेच ठिगळं लावत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे दुसरं शहर उभं करावं. 1970 साली ते शहर उभं करायला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, शिरवण्याचीही गेली. दुसरं शहर, म्हणजे ही नवी मुंबई, झालं आणि चांगलं झालं. पण मंत्रालय इकडे आलं नाही, आणि जुन्या मुंबईवरचा भार तसाच राहिला. गावठाणं मात्र होती तिथेच राहिली. आज सेक्टरच्या सरळ रस्त्यावरून वळलं, की एकदम आमची जुनी गल्ली लागते, दोन हॅन्डल समोरासमोर आली तर एकाने थांबावं लागेल इतकी अरुंद. दुसरं घेतल्याने पहिल्याचं दुखणं जात नाही, हे मला या गल्लीत राहून पटलंय. दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी बघावं लागतं.

म्हणून आता पायरीवरून उठा आणि गाडीच्या मागच्या बाजूला खाली बसा.

चेन दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, खालच्या बाजूने बोटाने धरा आणि वर-खाली हलवा. साधारण इंचभर हलली तर ठीक. दोन इंच लोंबत असेल, तर इंजिन जी ताकद देतं ती चाकापर्यंत धक्के खात पोचतेय. आता चाक हाताने हळूहळू फिरवा आणि चेन एका ठिकाणी ताठ, दुसऱ्या ठिकाणी सैल होते का बघा. होत असेल तर चेन ओढली गेलीय, आवळून उपयोग नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. नव्या स्प्रॉकेटचा दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. झिजलेला दात एका बाजूला वाकलेला, वाघनखासारखा दिसतो. माझ्या गाडीचे सगळे दात तसे झाले होते. मी त्याला ‘पिकअप गेला’ म्हणत होतो.

चाक तसंच फिरवत ठेवा. ब्रेक कुठे घासतोय का, बेअरिंगचा घरघर आवाज येतोय का, ऐका. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. माझ्या टायरवर 2319 होतं: 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल होती म्हणून मी तो टायर चांगला समजत होतो. नखाने दाबलं तर रबर दगडासारखं. रबर वयानेही म्हातारं होतं, आणि म्हातारं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही.

पुढे या. पुढचं चाक उचललेलं राहील असं मागे कुणाला तरी दाबून बसवा आणि हॅन्डल हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आल्यावर हॅन्डल खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर हॅन्डलच्या बेअरिंगचा कोनसेट गेलाय. तुम्हाला वर्षभर वाटत असेल की गाडी आता वळणावर मनासारखी वळत नाही. चारशे-पाचशेचा भाग असतो तो.

हे सगळं बघताना घाई करू नका. एवढं एकच काम आज केलंत तरी सकाळ कारणी लागली. पुढचा भाग महिन्यानंतरचा आहे.

कारण मधल्या महिन्यात गाडी फक्त मूळ होती तशी करायची. चेनसेट, टायर, कोनसेट, एअर फिल्टर, प्लग, केबल्स, ब्रेकपॅड, ऑइल. नवं काहीच लावायचं नाही. मग रोजच्या रस्त्याने जायचं, आणि घरी आल्यावर वहीत एक ओळ लिहायची: आज गाडीने कुठे नडवलं. जिथे नडवलं नाही त्या दिवशी ‘काही नाही’ असं लिहायचं. तेही महत्त्वाचं आहे. माझ्या वहीत सव्वीस दिवसांपैकी सतरा दिवस ‘काही नाही’ होतं. अडीचशे सीसीचं वेड त्या सतरा ओळींनी उतरवलं.

उरलेल्या नऊ ओळींपाशी मात्र शांत बसावं लागलं.

पाच ओळी कमरेच्या होत्या. घरी येईपर्यंत कंबर धरते, मनगटं दुखतात. असलं दुखणं गाडी आणि शरीर जिथे भेटतात तिथलं असतं: सीट, हॅन्डल, फूटरेस्ट, मागचे शॉक. डोळे मिटून गाडीवर बसा, हात नैसर्गिक पडतील तिथे सोडा, मग डोळे उघडून हॅन्डल तिथून किती लांब आहे बघा. माझ्या बाबतीत दोन इंच लांब होतं. सीटचा फोम पंधरा वर्षांत बसून फळी झाला होता. गावातल्या मिस्त्रीने फोम बदलला, हॅन्डल मागे वळवून बांधलं आणि म्हणाला, “काका, आता एक आठवडा चालवा, मग सांगा.” आठवड्याने सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडीत बदल करावेत तर असे करावेत. ते गाडीला तुमच्या मापाचं करतात, तिला दुसरी कुणी बनवायला जात नाहीत.

दुसरी कुणी बनवायला गेलात की ती देते तेवढंच परत घेते. मागचं स्प्रॉकेट 43 ऐवजी 45 दातांचं बसवलं, तर गाडी उचल खाते, हे खरं. पण त्याच साठच्या वेगाला इंजिन जास्त फिरतं, हायवेवर ओरडतं, पेट्रोल जास्त पितं. रुंद टायर घातला तर दिसायला भरदार, पण हॅन्डल जड होतं. सायलेन्सर बदलला तर तुम्हाला ताकद वाढल्यासारखी ऐकू येते, आणि गल्लीतल्या तान्ह्या पोराची झोप मोडते. या शेवटच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: करू नये. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं काही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. इंजिन, चेसिस, सायलेन्सर यांना हात लावण्याआधी हे लक्षात असू द्या. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच विचारते.

आता राहिल्या चार ओळी. त्या चारही ब्रेकच्या होत्या.

ही जागा सावकाश घ्या. मला घ्यावी लागली. जुलैतली एक संध्याकाळ, तुर्भ्याच्या अलीकडे, पुढे टँकर. रस्त्यावर पाणी आणि डिझेल मिसळून इंद्रधनुष्यासारखं पसरलेलं. टँकर थांबला, मी पुढचा ब्रेक दाबला, चाक फिरायचं थांबलं आणि गाडी पुढे सरकतच राहिली. बूट रस्त्यावर घासत कसाबसा थांबलो. टँकरचं बंपर हातभर अंतरावर होतं. घरी कुणाला सांगितलं नाही. महिनाभराच्या वहीत मात्र त्या संध्याकाळचं भय चार वेळा, वेगवेगळ्या शब्दांत उतरलं. टायर नवे होते, ब्रेकपॅड नवे होते, तरी उतरलं.

तुमच्याही वहीत अशी ओळ असेल. डोळे मिटा आणि ती जागा पुन्हा बघा. ओला रस्ता, बोटं ब्रेकवर. मागे कोण बसलंय? माझ्या मागे जूनपासून मुलगी बसणार आहे, नेरूळच्या कॉलेजला.

अशा वेळी चाक अडकू न देणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. तिच्यात चाकाजवळचा सेन्सर चाक अडकू लागल्याचं ओळखतो आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडून पुन्हा धरतो. चाक फिरत राहतं म्हणून हॅन्डल तुमच्या ताब्यात राहतं. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं आहे. माझी 2011 ची. मी मिस्त्रीला विचारलं, बाहेरून बसवता येईल का? त्याने चाक, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, वायरिंग अशी एकेक वस्तू बोटांवर मोजली आणि मान हलवली. हे सगळं त्या-त्या गाडीच्या वजनाला जुळवून कंपनीत बसतं. गॅरेजमध्ये त्याची नक्कल होत नाही, आणि होते म्हणणाऱ्याकडे गाडी टाकू नये.

इथे माझा निर्णय झाला. पिकअपसाठी, दिसण्यासाठी, कमरेसाठी मी गाडी बदलली नसती. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढ्यासाठीही बदलली नसती. ब्रेकसाठी बदलतोय. दुसरीही दीडशे सीसीचीच घेतोय, एबीएसवाली, कारण बाकी काही कमी पडत नव्हतं हे सतरा ओळींनी मला सांगून ठेवलंय.

जुनीचं पासिंग ऑगस्टात संपतं. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत तपासणी करून, हरित कर भरून पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. ते करून मगच ती पेणला धाकट्या भावाच्या नावावर होईल. तिथे घर ते शेत दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, वेग वीस-पंचवीसचा. पावसात तो ती काढणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. नवा चेनसेट आणि नवा फोम तिच्याबरोबरच जातील.

तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघेल, आणि ते निघायला महिना लागेल. गॅरेजवाल्याला किंवा शोरूमवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी तो महिना स्वतःला द्या. आज रात्री वही गाडीच्या चावीशेजारी ठेवा. उद्या पहाटे गाडी मेन स्टँडवर लावा आणि आधी चेन हलवून बघा.