जुन्या कागदाचे मोल



प्रेषित पौल बंदिशाळेत मरणाची वाट पाहत असता त्याने तीमथ्याकडून काय मागविले, हे आपणांस ठाऊक आहे: त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तके, आणि विशेषेकरून चर्मपत्रे (२ तीमथ्य ४:१३). ज्याचे दिवस भरत आले त्यालाही लिहिलेल्या वस्तूची एवढी आस्था होती. तेव्हा जुने कागद जपणे हे ख्रिस्ती मनुष्यास कमीपणाचे नाही, हे खास.

परंतु आज जगात जुनी पत्रे, हस्तलिखिते व दुर्मिळ पुस्तके जमविण्याचा मोठा व्यापार चालतो. समजा, आपल्या घरी आजोबांच्या वेळचे शास्त्र किंवा पत्रांचा गठ्ठा आहे, आणि कोणी पैसे घेऊन दारी आला. ते विकणे योग्य की अयोग्य? आणि मुळात ते आहे कोणाचे?

अमेरिकेतील एक गोष्ट येथे विचारात घेण्याजोगी आहे. बोस्टन शहरातील ओल्ड साउथ मंडळीचे पाळक थॉमस प्रिन्स यांना आपल्या प्रांताच्या आरंभकाळची पुस्तके व हस्तलिखिते जमविण्याचा छंद होता. १७५८ साली ते प्रभूकडे गेले, व तो संग्रह मंडळीच्या हाती आला. १६४० साली छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकाच्या दोन प्रती मंडळीजवळ होत्या. तेथील इंग्रजी वसाहतींत छापलेले ते पहिले पुस्तक. सुमारे १७०० प्रती निघाल्या होत्या. आज ११ उरल्या आहेत. २०१२ साली मंडळीने मत घेऊन दोहोंपैकी एक विकण्याचे ठरविले, आणि २०१३ साली लिलावात तिला १ कोटी ४१ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. सर्वांचे एकमत नव्हते. तथापि त्यांनी उघड सभेत निर्णय केला, एक प्रत राखली, व पैसा मंदिराच्या दुरुस्तीस व सेवेस नेमला. म्हणून मी त्यांस दोष देत नाही.

त्याच प्रदेशातील दुसरी गोष्ट याहून थोर आहे. जॉन एलियट या पाळकाने तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र १६६३ साली छापविले. अमेरिकेत छापलेले ते पहिले पवित्र शास्त्र, आणि छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यांत जेम्स प्रिंटर नावाचा त्याच लोकांतील मनुष्य होता. ते लोक लिहावयास शिकले. त्यांनी पत्रे लिहिली, जमिनीची खते केली, शास्त्राच्या समासात आपली टिपणे केली. पुढे एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारा कोणी उरला नाही. मग १९९३ च्या सुमारास त्यांच्याच वाम्पानोआग जातीतील जेसी लिटल डो बेअर्ड या बाईंनी ती पुन्हा बोलती करण्याचे काम हाती घेतले. साधन कोणते? ते शास्त्र, आणि पूर्वजांचे ते साधे कागद! आज त्यांची लेकरे ती भाषा शिकतात. एलियटच्या शास्त्राला धनवान लोक मोठी किंमत देतात. पण एखाद्या गरीब शेतकऱ्याचे खतही भाषेच्या पुनरुत्थानास उपयोगी पडेल, हे लिहिणाऱ्यास कोठून ठाऊक असणार?

आता आपल्याकडे पाहा. त्याच मॅसॅच्युसेट्स प्रांतात १८१० साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, व १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले. मिशनरींनी पाठविलेली पत्रे बोर्डाने सांभाळली. ती आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्यामुळे त्यांचे कष्ट जगास ठाऊक झाले. परंतु त्यांच्याबरोबर गावोगाव पायी हिंडलेला उपदेशक, किंवा बाप्तिस्मा घेतला म्हणून जिला पाणवठा बंद झाला ती बाई, यांचे शब्द कोठे आहेत? मराठ्यांच्या इतिहासाचे कागद इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघर फिरून मिळविले, व १८९८ पासून त्यांचे २२ खंड छापले. आपल्या मंडळ्यांचे कागद कोण शोधील? जे आपण राखणार नाही, ते दुसऱ्याच्या लेखणीतून, दुसऱ्यास दिसले तसेच, उरेल.

कोणी म्हणेल, ही जुन्या वस्तूंची पूजा नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. मोशेने केलेला पितळी सर्प लोक पुजू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४), आणि ते बरेच केले. कागद जुना झाला म्हणून पवित्र होत नाही. जो कपाटाला कुलूप लावून केवळ मोठेपणासाठी संग्रह करतो, त्याने आपला रुमालात बांधलेला मोहोर आठवावा. तसेच मृताच्या पत्रात एखाद्याच्या पतनाची गोष्ट असेल, तर ती चव्हाट्यावर मांडणे प्रीतीला शोभत नाही.

आणि दारिद्र्याचे काय? लेकराच्या औषधासाठी आजोबांचे शास्त्र विकणाऱ्या आईस मी दोष देणार नाही. कागदाहून लेकरू मोठे. मात्र तिच्यावर ती वेळ का येऊ दिली, हे मंडळीने स्वतःस विचारावे.

माझे मत असे की, आपण या कागदांचे धनी नसून कारभारी आहो. ज्यांनी लिहिले ते गेले, ज्यांना वाचावयाचे ते अजून जन्मले नाहीत, मध्ये आपण. म्हणून विकण्यापूर्वी मंडळीस विचारावे, नक्कल किंवा छायाचित्र करून ठेवावे, आणि घेणारा ते वाचकांस खुले ठेवील की नाही हे पाहावे.

आमच्या वराळ्यात, किंबहुना साऱ्या मावळात, पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, आणि वाळवी कोणाचे नाव पाहून खात नाही. कागद जमिनीपासून उंच, कोरड्या पेटीत ठेवावे. पाऊस सरताच उघडून सावलीत वारा द्यावा. उपदेशक बंधूंनी वृद्धांजवळ बसून त्यांची साक्ष लिहून घ्यावी, व खाली तारीख घालावी.

यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी जाळली, तरी बारूखाने ती पुन्हा लिहिली (यिर्मया ३६). आपली गुंडाळी कोणी राजा जाळीत नाही. ती आपल्याच हलगर्जीपणाने जाते. तेव्हा येता पावसाळा लागण्यापूर्वी प्रत्येक घराने आपली पेटी एकदा उघडून पाहावी.